भिंतीतला हात

तो संग्रामपूरकडचा पुट्टीवाला होता. बुलढाण्यात आम्ही विकत घेतलेलं जुनं घर रंगवायला आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. पुट्टी ओढायची लोखंडी पत्ती लावण्याआधी तो तळहातानं भिंत चाचपायचा, डॉक्टर पोट दाबून बघतात तशी.

दाराशेजारचा जुना रंग खरवडताना खालून हळदीचा पंजा निघाला. वास्तुशांतीला कुणीतरी उमटवलेला. तो थांबला.

"हा कोणाचा हात हाय, साहेब?"

"असेल आधीच्यांचा. मार पुट्टी."

त्यानं पत्ती खाली ठेवली. मग सांगू लागला. मागं तो पोलंडला, क्राकूव शहरात कामाला होता. तिथल्या जुन्या चार मजली, अनेक बिऱ्हाडांच्या इमारती दुरुस्त करायचा. एका दाराच्या चौकटीत बोटभर तिरपी खाच होती. ती यानं सफाईनं बुजवली. तर वरच्या मजल्यावरची म्हातारी धावत आली आणि किल्लीनं ती पुन्हा उकरायला लागली.

"त्या खाचीत ज्यू लोकं देवाचा कागद ठेवत," तो म्हणाला. "त्या घरातल्या समद्याईले लढाईत धरून नेलं अन् मारलं. लेकरंबी. त्याईची तेवढीच खूण उरली होती, अन् म्या तेच बुजवून टाकली होती."

मी भिंतीजवळ गेलो. इतका वेळ मला तो पंजा डागच वाटत होता. बोटं बारीक होती, एखाद्या मुलीची असावीत.

"इथं आधी कोण राहे?" त्यानं विचारलं.

घर दलालामार्फत घेतलं होतं; आधी कोण राहायचं ते मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी तो गेला. भिंत गुळगुळीत झाली होती, पंजा तेवढा सोडून. आत जाताना मला माझ्याच घराचं दार वाजवावंसं वाटलं.