हाऊसफुल्लची पट्टी

आमच्या थिएटरात ‘लवकरच’ म्हणजे कधी, हे मॅनेजरलाही ठाऊक नसायचं. ‘शेवटचे दोन दिवस’ महिनाभर चालायचे. आणि नव्या सिनेमाचा पहिला खेळ एकदा सुरू झाला, की आत चिटपाखरू नसलं तरी बाहेर पोस्टरवर ‘हाऊसफुल्ल’ची पट्टी चढायची, म्हणजे संध्याकाळच्या खेळाला लोकांनी धावत यावं. ही सगळी थापेबाजी भिंतीवर चिकटवायचं काम माझ्या काकांचं. त्यांना त्याचं काही म्हणजे काही वाटत नसे.

“मी नुसता चिकटवतो. खोटं बोलतो तो मॅनेजर,” म्हणायचे.

पण त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, आमच्या ताईनं, सिनेमात काम केलं आणि काकांची झोपच उडाली. काम नर्सचं, दोनच वाक्यांचं. काकांना ती तोंडपाठ. तो सिनेमा ‘लवकरच’ म्हणून इतका लटकला, की उन्हानं पोस्टरवरची नायिका पांढरीफटक पडली. काका रोज मॅनेजरचं डोकं खायचे. शेवटी तो वैतागला.

“शुक्रवारी सकाळी एकच खेळ लावतो. माणसं आली नाहीत तर तोही रद्द. मग माझ्या नावानं बोंबलायचं नाही.”

त्या आठवड्यात काका धड एका जागी बसले असतील तर शपथ. जेवता जेवता उठायचे, दारापर्यंत जाऊन यायचे. काकू करवादली, “अहो, तुम्हाला काम नाहीये त्यात. बसा की!”

“तिच्या शेजारी बसून बघायचंय गं. एवढंच,” काका म्हणाले.

मला एकदम भरून आलं. मी गल्लीभर सांगत सुटले, की शुक्रवारी सगळ्यांनी यायचंच.

आणि आलेही सगळे! मी पोचले तेव्हा तिकीट खिडकी उघडायची होती, पण लोक यायचे, पोस्टरकडे बघायचे आणि परत फिरायचे. मी शेजारच्या मावशींना अडवलं.

“अगं, हाऊसफुल्ल झालंय की! काकांना सांग हो, फार आनंद झाला,” म्हणून त्या गेल्यासुद्धा.

काका शिडीवरून उतरत होते. हात खळीनं बरबटलेले, चेहरा फुललेला. वर ताईच्या सिनेमावर पट्टी आडवी.

“काका! खेळ सुरू झाल्यावर लावायची ना ती!” मी ओरडलेच.

“आज कुणाला दम निघतोय?” ते हसले. मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि हसू गळून पडलं. “अहो, या, या! तिकिटं आहेत!” ते हाका मारत धावले. लोकांना ती चेष्टा वाटली. हात हलवून सगळे आपापल्या वाटेनं गेले. मला त्यांचा इतका राग आला, आणि काकांचा त्याहून जास्त.

मॅनेजर बाहेर आला. “खिडकीवर कुणी नाही. रद्द करतोय.”

“आम्ही आहोत ना!” मी म्हटलं.

“घरच्या चौघांसाठी? जमायचं नाही.”

तेवढ्यात समोरच्या बसमधून ताई उतरली, मागोमाग काकू. ताईची नजर थेट पट्टीवर गेली.

“बाबा! हाऊसफुल्ल?” तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मॅनेजरनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की ते त्यानं मिटलं.

काकांनी हात पाठीमागे नेऊन सदऱ्याला पुसले.

“हो ना,” ते म्हणाले. “आपल्यालासुद्धा जागा उरली नाही बघ.”