उसाच्या वाटेवरचे जर्मन धडे

"गोरखची हर्षाली म्हंजी सावलीला भिणारी पोर," असे बोरी बुद्रुकच्या वस्तीवर लोक म्हणत. शेजारच्या लंकाबाई त्यात आपले मीठ घालत: "मांजर आडवं गेलं तरी बापाला हाक मारती. हिच्या लग्नात रुखवतात बापच ठिवावा लागंल."

लोक खोटे बोलत नव्हते. लहानपणी एका संध्याकाळी हर्षाली वाघुरीपाशी, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, बसून कोकराला बाटलीने दूध पाजत होती. बाटली हातात राहिली आणि कोकरू उसात गेले. बिबट्या तिला धड दिसलाही नाही. ऊस हलला, तेवढाच दिसला. मात्र त्याच्या क्षणभर आधी किडे आणि पाखरे एकदम गप्प झाली होती, ते तिच्या मनात कायमचे रुतले. त्या दिवसापासून तिला अंधारापेक्षा शांततेचे भय वाटू लागले.

उसाच्या कडेने मुक्याने जायचे नाही, ही तिकडची रीतच आहे. माणसाचा आवाज आला की जनावर वाट सोडते, असे सगळे मानतात. म्हणून कुणी मोबाईलवर गाणी लावतो, कुणी अभंग म्हणतो. सोबत असेल तर लोक मुद्दाम भांडण उकरून काढतात. हर्षाली शाळेतून येताना पाढे म्हणत यायची. तिचा बाप गोरख मेंढरांमागून कान देऊन असे. पोरीचा आवाज कानी आला की मगच तो चहाला बसे.

नववीत असताना तिने एक बाई पाहिली. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीकडे कामासाठी परदेशी माणसे येतात, त्यांतली असावी. दिवेलागणीला ती पाठीवर पिशवी टाकून एकटीच चालली होती. तोंडाने गाणे नाही, मागे वळून पाहणे नाही. एसटीच्या खिडकीतून हर्षाली तिच्याकडे बघत राहिली. त्या बाईला बिबट्याची कल्पना नसावी, हे तेव्हाही हर्षालीला कळत होते. तरी ज्या मुलखात बाईमाणूस संध्याकाळी अशी मुकाट्याने चालू शकते, तिथे आपण राहावे, असे तिच्या मनाने घेतले. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. सावलीला भिणाऱ्या पोरीने परदेशाचे नाव काढले असते, तर वस्तीला वर्षभराची करमणूक झाली असती.

पुढे ती नर्सिंग शिकली आणि नारायणगावच्या एका खासगी दवाखान्यात लागली. जर्मनीत परिचारिका हव्या आहेत, मात्र भाषा यायला हवी, हे तिला तिथेच कळले. पुण्याच्या सोनल मॅडम मोबाईलवरून जर्मन शिकवत. दवाखान्यात सवड नव्हती आणि घरी आईला हातभार लावायचा असे. उरली ती एसटीच्या फाट्यापासून वस्तीपर्यंतची उसाची वाट. पाढ्यांच्या जागी आता जर्मन वाक्ये आली. "इश हाइसं हर्षाली! इश कोमं आउस इंडीएन!" म्हणजे माझे नाव हर्षाली, मी भारतातून आले, असे ओरडत ती झपाझप घर गाठू लागली.

"बिबट्याला भाषा कळंना, म्हणून जागा सोडून गेला म्हणत्यात," वस्तीवरचे गेणभाऊ पारावर बसून सांगायचे.

"जाईल कशाचा? तोबी शिकून घील," लंकाबाई म्हणायच्या. "मग दोघं जातील एका इमानात!"

जर्मनीतल्या इस्पितळाची मुलाखत मोबाईलवर, व्हिडिओ कॉलने झाली. पलीकडच्या जर्मन बाईंनी नाव विचारताच हर्षालीने ते असे सांगितले, की बाईंनी दचकून कानावरचा हेडफोन काढला. दुसऱ्या उत्तराला त्यांनी हळू बोलायची खूण केली. हर्षालीने आवाज खाली आणला, तर तिला वाक्यच आठवेना. ही भाषा तिच्या तोंडी ओरडण्यातूनच बसली होती. शेवटी तिने तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये, पुन्हा मोठ्यानेच, उसाची वाट आणि बिबट्या समजावून सांगितला.  बाई हसून म्हणाल्या, की त्यांच्या इस्पितळात बरेच रुग्ण वयस्क आहेत आणि त्यांना ऐकू कमी येते.

निवड झाली, व्हिसा आला, तिकीटही निघाले. आणि इतकी वर्षे दबा धरून बसलेले भय उठून उभे राहिले.

"तिथे मोठ्याने बोलायचं नाही हं," सोनल मॅडमनी बजावले होते. "रविवारी तर गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू येते." मॅडमनी हे कौतुकाने सांगितले होते. हर्षालीला मात्र ती गल्ली डोळ्यांपुढे दिसू लागली: बंद दारे, पांढरा बर्फ आणि किड्यांचाही आवाज नाही. तिथे आपण तापाने फणफणलो तर हाक कुणाला मारायची? मारली तरी ती ऐकणार कोण? तिने धडे म्हणणे सोडून दिले. जाणे रद्द करावे, हे आज घरी सांगू, उद्या सांगू, असे मनाशी घोळवत ती वाट चालू लागली.

अशाच एका संध्याकाळी ती मुकाट्याने निम्म्या वाटेवर आली. मग तिच्या ध्यानात आले, की पाखरे गप्प आहेत.

बिबट्या पुढे पाण्याच्या चारीच्या बांधावर बसला होता. या वेळी स्पष्ट दिसत होता. मांजरासारखे पाय दुमडून, तिच्याकडे तोंड करून. हर्षाली जागीच थांबली. पळायचे नाही, पाठ दाखवायची नाही, हे तिला ठाऊक होते. ओरडायचे, हेही ठाऊक होते. घशातून आवाज निघेना. बापाला मारायची हाकसुद्धा अर्ध्यात विरली.

मग तोंडातून जे निघाले, ते तिने ठरवून काढले नव्हते. "इश हाइसं हर्षाली," ती पुटपुटली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा आवाजाला धार आली आणि मागची सगळी वाक्ये आपोआप ओढली गेली: मी भारतातून आले, मी परिचारिका आहे, मला तुमच्या देशात राहायचे आहे. बिबट्याने कान हलवले. तो सावकाश उठला आणि उसात शिरला. ऊस हलला, थांबला. ती ओरडतच राहिली.

समोरून गोरख हातात काठी घेऊन धावत आला. त्याला धाप लागली होती.

"आवाज नाय आला तुझा," तो म्हणाला. "चार दिस झालं, येत नाय. आज लई उशीर झाला, म्हणून निघालो."

"दादा, मी जात नाय जर्मनीला."

गोरख उसाकडे बघत राहिला.  "तू गेल्यावर ह्या वाटंवर मी काय ऐकू, ह्याचं भ्या मला रोज वाटतंय," तो म्हणाला. "पण तुझा आज्जा मेंढरं घिऊन दर साली कोकणात उतरायचा. पयल्या साली त्यालाबी वाट म्हाईत नव्हती, तरी गेला. आता चल, बोलत चल."

दोघे वस्तीवर आले ते तिच्या जर्मन आवाजासकट.

ओट्यावर लंकाबाई उभ्याच होत्या. सगळे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बया, हितं बाप हाकेवर असताना तुझी ही गत! तिथं एकलीला भ्या नाय का वाटणार?"

हर्षालीने चपला काढल्या, तांब्यातले पाणी पायांवर घेतले आणि म्हणाली, "लई वाटंल, काकू. पण हितलं भ्या बघून झालं. आता तिथलं बघते."