धूरवाल्या काकांचा पहारा

तीस वर्षं खांद्यावर मशीन अडकवून गल्लीबोळांत डासांसाठी धूर सोडणाऱ्या काकांचा भरवसा फक्त धुरावर होता. ते निवृत्त झाले आणि सुनेने मागच्या भिंतीवर वटवाघळांसाठी लाकडी पेटी टांगली. काकांच्या मनात पाल चुकचुकली.

"बाबा, ती डास खातात," सून म्हणाली.

"खातात की नुसती फुकट राहतात, ते मी बघतो."

मग रोज संध्याकाळी ते पेटीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. इवलीशी वटवाघळं भुर्रकन बाहेर पडायची, तरी काकांचे घोटे डास चावून लालच.

"बघ तुझे पाहुणे!"

"उडणारे डास ती खातील. पण ते जन्मतात कुठे, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

काका इरेला पेटले. गटार, टाकी, पन्हळ, सगळं पालथं घातलं. शेवटी त्यांनीच रोज पाणी घातलेल्या कुंडीखालच्या ताटलीत अळ्या वळवळताना दिसल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी ती गुपचूप उपडी केली.

आठवड्याभरात डास कमी झाले. सुनेने काहीच विचारलं नाही. तेव्हा काकांचा संशय पेटीवरून उठला आणि सुनेवर जाऊन बसला. हिला आधीपासून ठाऊक तर नव्हतं?