वहिनीचं बुधवारचं जेवण

“एका घरातली माणसं आपण. एका घराच्या दोन नोंदी कशाला हव्यात?” दादाने तिसऱ्यांदा विचारलं.

“जेवणारी तोंडं दोन आहेत म्हणून,” वहिनी म्हणाली.

मी दारात चपला काढत होते. त्या परत घालाव्यात की काय, अशा विचारात तिथेच थांबले. भाऊ-भावजयीच्या भांडणात नणंदेने पडू नये, एवढं मला कळतं. पण आईने सोफ्यावरून हात केला.

“ये, तूच सांग हिला काहीतरी. मिरची कमी पडली म्हणून घर डोक्यावर घेतलंय.”

“मी आवाजसुद्धा चढवलेला नाही, आई.”

खरंच चढवला नव्हता. वहिनी जेवणाच्या टेबलापाशी उभी होती. अंगात अजून लॅबचा पांढरा कोट. बुधवारी दुपारी अडीच वाजता ती घरी होती, हेच मुळात नवल होतं.

वहिनी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढते. नव्या माणसाशी ओळख करून देताना दादा “ही आमची रक्तपिपासू” म्हणतो आणि एकटाच हसतो. सकाळी साडेसहाला ती खुर्चीशी उभी राहते. येणारा प्रत्येक माणूस उपाशी असतो, कारण पोटात काही न घालता यायचं असतं. उपाशी माणूस चिडका असतो. कुणी रांगेवरून भांडतो, कुणी सुई बघूनच डोळे पांढरे करतो. वहिनी दंडाला रबरी पट्टा बांधते, मूठ आवळायला सांगते आणि बोटाने शीर चाचपताना दुसरीकडे कुठेतरी बघते. शीर डोळ्यांनी शोधायची नसते म्हणे. ज्यांना इतरांनी चार-चार वेळा टोचलंय, ते तिच्याच हाताने रक्त द्यायला थांबून राहतात. इतर दिवशी तिचा डबा नमुन्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता, उभ्यानेच संपतो.

फक्त बुधवारी ती एक वाजता सुटते. आणि गेली नऊ वर्षं बुधवारी दुपारी ती दोन गल्ल्या पलीकडच्या थाई हॉटेलात एकटी जेवते. टायरच्या दुकानाला लागून सात टेबलांची जागा. मालक आत कढईपाशी, मालकीणबाई बाहेर. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचं सगळ्यात लहान टेबल वहिनीचं. तुळशीसारख्या वासाची पानं आणि मिरची घालून परतलेला कोंबडीचा खिमा, भात, वर कुरकुरीत कडांचं अंडं. डोळ्यांतून पाणी येईल इतकं तिखट. तिथे ती कुणाशी बोलत नाही, कुणाला वाढत नाही. निवांत दोन तासांनी नाक पुसत बाहेर पडते आणि मग पुढचे सहा दिवस आम्हा सगळ्यांशी नीट वागते.

हे आम्हाला माहीत होतं, पण आमची पावलं तिकडे कधी वळली नव्हती. ती वळली मार्चमध्ये, दादाच्या वाढदिवसाला. आम्हा सगळ्यांना जागा इतकी आवडली की विचारू नका. आमच्या घरची रीत म्हणजे सगळ्यांनी सगळं चाखायचं. त्यामुळे वहिनीची थाळी टेबलाभोवती फिरून तिच्यापुढे परत आली, तेव्हा तीत चार पानं आणि अर्धा चमचा भात उरला होता. त्यातला एक मोठा घास माझाही होता. तेवढं खाऊन तिने चमचा खाली ठेवला. आम्हाला वाटलं, तिचं पोट भरलं असेल.

त्यानंतर दादाने ते हॉटेल आपलंसं केलं. तो एकदा एखादी गोष्ट आपली म्हणाला की तिला शिस्त लावतो. रविवारी तिथलं जेवण घरी येऊ लागलं. आईला पित्त होतं म्हणून मिरची नको, लसूण नको, माशाचा तो खारट सॉस नको. आई फोन हिसकावून घेऊन “थोडं तिखट चालेल हो” असं सांगते, म्हणून त्याने एके दिवशी स्वतः जाऊन पक्कं करून टाकलं. त्यांच्याकडे आता गिऱ्हाइकाच्या फोन नंबरावर आवडनिवड लिहून ठेवायची सोय आहे. तिथे दादाला एकाच पत्त्यावर दोन नंबर दिसले, एक त्याचा आणि एक वहिनीचा. दादाची सगळी नोकरी याद्यांमधल्या दुबार नोंदी शोधून काढून टाकण्यात गेली आहे. त्याला राहवेना. त्याने वहिनीची नोंद आपल्या नोंदीत घालून घेतली.

“आज मी जाऊन बसले,” वहिनी मला सांगू लागली. घरातल्यांना सांगून झालं असावं. “नवीन मुलगी होती. तिने नंबर विचारला. थाळी आली ती पांढरीफटक. आजाऱ्याला देतात तशी. मी म्हटलं, ही माझी नाही. तर तिने मला संगणकाचा पडदा दाखवला. वर ह्यांचं नाव. खाली लिहिलंय, काहीही मागितलं तरी बिनतिखटच द्यावं, घरात पोटाचा त्रास आहे.”

“ते आईसाठी होतं गं,” दादा म्हणाला.

“मग मालकीणबाई आल्या. नऊ वर्षं त्या मला ओळखतात. मला वाटलं, आता होईल नीट. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, मिस्टर किती काळजी करतात तुमची, नशीबवान आहात. आणि थाळी आत नेऊन मध्यम तिखट करून आणली. मध्यम!”

“मग खाल्लीस का?” आईने विचारलं.

“नाही.”

“बघ. भरल्या ताटावरून उठून आली. आणि खरं सांगू का, या वयात मध्यमच बरं असतं. मला विचार.”

आतल्या खोलीतून दादाची मुलगी, माझी भाची, बाहेर आली. ती कॉलेजात शिकते आणि तिच्यापाशी कुठल्याही गोष्टीवर उपाय तयार असतो. “आई, अगं प्रत्येक टेबलावर चार वाट्या असतात. एकीत सुक्या मिरचीची पूड असते. वरून घालून घ्यायची. एवढं काय त्यात?”

“वरून घातलेलं तिखट जिभेवर बसतं. कढईत घातलेलं आत उतरतं. स्वयंपाक केलास कधी तर कळेल.”

“म्हणजे आता माझ्यावर!” भाची म्हणाली आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवले.

मीही काहीतरी बोलायला हवं होतं. “चूक झाली दादाची, वहिनी. मनात वाईट नव्हतं त्याच्या,” मी म्हटलं, आणि तोंडातून निघता निघताच कळलं की हे बोलायला नको होतं.

“मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे,” वहिनी म्हणाली. “वाईट असतं तर मी भांडले असते. आता काय करू? हे बरणीचं झाकण मला उघडणार नाही इतकं घट्ट लावतात, तेही माझ्या सोयीसाठी. माझा डबा भरतात त्यात गोडाचं घालतात, मी गोड खात नाही हे चोवीस वर्षं सांगतेय. कौतुकाने करतात. मी कुणापाशी तक्रार करू?”

दादाचा चेहरा पडला. तो खरोखर भला माणूस आहे. भल्या माणसासारखाच तो उठला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन हातात घेतला.

“थांब. आत्ताच्या आत्ता निस्तरतो.”

“तुम्ही नका करू. मी बघते.”

“नाही, नाही. घोळ माझा, मीच निस्तरणार.” पलीकडून फोन उचलला गेला. दादाचा आवाज दिलदार झाला. “हां, नमस्कार, मी बोलतोय. आमच्या मॅडमचं जेवण वेगळं लिहा. तिखट. हो, हो, जास्त तिखट. माझ्याच नंबरावर लिहा, खाली एक वेगळी ओळ टाका. आणि ऐका, पुढच्या बुधवारी दीड वाजता आम्ही पाच जण येतोय. मालकीणबाईंना सांगा, ते खिडकीखालचं छोटं टेबल पुढे ओढून मोठ्या टेबलाला जोडून ठेवा. मॅडमची आवडती जागा आहे ती.”

त्याने फोन ठेवला आणि शाबासकीच्या अपेक्षेने आमच्याकडे बघितलं. “झालं. आता दर बुधवारी सगळेच जाऊ. तू एकटी बसतेस, ते मला कधीच बरं वाटलं नाही.”

“मलाही तिथला भात फार आवडतो,” आई म्हणाली.

“बुधवारी माझं शेवटचं लेक्चर बुडवता येईल,” भाची म्हणाली.

वहिनी काही क्षण कोटाची बटणं काढत राहिली. कोट काढला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला. लॅबमध्ये शीर चाचपताना बघते, तशी ती आमच्या सगळ्यांच्या पलीकडे कुठेतरी बघत होती.

“ते हॉटेल तुम्ही घ्या,” ती म्हणाली. “टेबल जोडून घ्या, रोज जा. पुढच्या बुधवारपासून मी दुसरीकडे जेवणार आहे. कुठे, ते मी सांगणार नाही. कुणी विचारायचं नाही, आणि साडेतीनपर्यंत माझा फोन बंद असेल.”