नामदेवभाऊंनी न पाहिलेलं जहाज

आम्ही पांढुर्ण्याचे जुने शिक्षक एकत्र बसलो की शाळेचे किस्से पहिल्या चहातच संपतात. मग कोणीतरी म्हणतं, "त्या रविवारचं सांग ना." रविवार म्हणजे ठाकरे गुरुजींच्या घरचा, ऐंशीच्या दशकातला, सकाळचा. हे किस्से इतके साचलेत की कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा, हे आता मलाही सांगता येत नाही. अजूनही रविवारी सकाळी कुठेतरी जायचं राहून गेलंय असं मला वाटत राहतं.

आमच्या गल्लीत टीव्ही एकच, गुरुजींचा. गुरुजी गणिताचे, मी इंग्रजीचा. रविवारी सकाळी अंतराळात फिरणाऱ्या एका जहाजाची इंग्रजी मालिका लागायची. तिकडे परदेशात ती म्हणे कधीच जुनी झाली होती, आमच्यासाठी मात्र कोरी करकरीत. एक कॅप्टन, त्याची माणसं आणि दर आठवड्याला नवा ग्रह. मी त्या जहाजाच्या प्रेमातच पडलो होतो. शनिवारपासून माझं वर्गात लक्ष नसे.

अडचण एवढीच, की प्रक्षेपण नागपूरचं आणि आम्ही इतके लांब. स्लॅबवर उंच पाईप, त्यावर अँटेना, आणि पाईप कोणीतरी धरून बसल्याशिवाय चित्र टिकायचं नाही. बांधून ठेवला तर दोन मिनिटांत पडद्यावर मुंग्या! सगळ्यांनी धरून पाहिला. जमायचं ते फक्त नामदेवभाऊंना, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांना. त्यांच्या हातात पाईप आला की कॅप्टनच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसायचा.

म्हणजे जो माणूस जहाज आणायचा, त्यालाच ते दिसायचं नाही. मी खिडकीत बसून गोष्ट वर ओरडून सांगायचो. शेजारी विजेवर चालणारी पिठाची चक्की, तिच्यावर आवाज चढवावा लागे. वरून विचारणा व्हायची, "मंग काय झालं, सर?" त्या मालिकेचा इतका वेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा शिडी उतरताना म्हणाले, "एक डाव त्या जहाजाले डोळ्यानं पाहाचं हाय, सर." त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

*

गुरुजींचे मामेभाऊ तात्या सौंसरहून बसनं यायचे. संत्र्याचा बगीचा त्यांचा, हातात संत्र्यांची पिशवी, आणि पोहोचायचे अर्धी गोष्ट झाल्यावर.

एका रविवारी कॅप्टन एका उजाड ग्रहावर अडकला होता. कुठून तरी घातक किरण येत होते, आम्ही श्वास रोखून बसलेलो. तात्या उठले, पडद्याजवळ गेले आणि त्यांनी जमीन नीट पाहिली.

"मुरमाड हाय. निचरा चांगला होईन. संत्र्याले चालते."

गुरुजी वैतागले. "तात्या, तिथं हवाच नाही."

"हवेचं पाहू मागून. विहिरीले पानी लागते का, थे पाहा."

मी हे इमानदारीत वर सांगितलं. वरून नामदेवभाऊंनी विचारलं, "किती एकर हाय?"

*

ठाकरे वहिनींना इंग्रजीचा गंध नव्हता, पण गोष्ट आमच्या आधी कळायची. त्यांची तक्रार मात्र कायम एकच.

"इतके दिवस झाले पाहून राहिली मी. हा पोरगा एक डाव तरी घरी गेला का? मायले चिठ्ठी तरी टाकते का?"

गुरुजी समजावायचे, की त्या जहाजाचं कामच पुढे पुढे जायचं आहे.

"मंग वापस कवा येते?"

गुरुजी टीव्हीचा आवाज मोठा करायचे. त्यांचा मुलगा तेव्हा भिलाईला नोकरीला होता आणि त्या वर्षी दिवाळीलाही आला नव्हता.

"वहिनी काय म्हनून राहिल्या?" वरून विचारणा झाली. मी सांगितलं. त्यावर वरून पुन्हा आलं, "एक चिठ्ठी भी नाही टाकत?"

*

नामदेवभाऊ सावरगावचे, म्हणजे गोटमारीत जाम नदीच्या त्या काठाचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं गाव आणि सावरगाव दोन काठांवरून एकमेकांवर गोटे, म्हणजे दगड, फेकतात. एका वर्षी तो दिवस नेमका रविवारी आला. आज काही भाऊ येत नाहीत, असं धरून आम्ही टीव्ही लावलाच नव्हता.

भाऊ सकाळीच नदी ओलांडून आले. शेवटपर्यंत पाईप धरला, चहा घेतला आणि डोक्याला दुपट्टा बांधत निघाले.

"दुपारी नदीवर आले तं जरा मांगं उभे राहा, सर. आमच्या काठाचे गोटे लांब जातेत."

गोष्ट दोन भागांची होती, त्या दिवशी अर्धी राहिली होती. मी विचारलं, "पुढच्या रविवारी याल ना?"

"टाळकं फुटलं तरी येतो. कॅप्टन फसून हाय न तिकडं."

*

एकदा गोष्ट ऐन रंगात आली आणि वीज गेली. सगळे उठायला लागले. वर भाऊ उन्हात पाईप धरून बसलेले, त्यांना काय कळणार? मला ते बघवेना. मी खिडकी सोडली नाही. मनानंच गोष्ट रचली. वादळ आणलं, एक म्हातारा राजा आणला, दोन पात्रं मारली आणि त्यातलं एक जिवंत केलं. चांगली वीस मिनिटं सांगत होतो. वरून नेहमीसारखं "मंग?" येत होतं.

भाऊ खाली आले, पाणी प्यायले, चेहरा एकदम खूश.

"आज आवाज साफ आला, सर. चक्की बंद होती न."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल शोधायला लागलो.

*

मग गुरुजींची छिंदवाड्याला बदली झाली. सोमवारी सामान जाणार, टीव्हीही जाणार. शेवटच्या रविवारी मी नामदेवभाऊंना शिडीवर चढूच दिलं नाही.

"आज मी वर. तुम्ही खाली बसा. पाहा तुमचं जहाज."

"तुमच्यानं होनार नाही, सर."

"होईल."

वर जाऊन मी पाईप मिठीत धरला. तो कुठवर फिरवायचा, त्याची खडूची खूण भाऊंनी स्वतःसाठी केलेलीच होती. खालून आवाज आला, "आलं, सर! एकदम साफ!" पाठोपाठ खिडकीतून भाऊ गोष्ट सांगायला लागले. माझ्याहून कितीतरी छान सांगत होते. जहाजाचं इंधन संपत आलेलं. कॅप्टनच्या खिशात आईची जुनी चिठ्ठी. त्यानं सगळ्यांना विचारलं आणि जहाज माघारी वळवलं. ऐकता ऐकता मीच ओरडलो, "मग?"

हात भरून आले होते, पण मन हलकं होतं. भाऊंना एकदा तरी दिसलं. तो चेहरा बघायची मला फार इच्छा झाली. दोन मिनिटं तरी टिकेल, म्हणून पाईप खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बांधला आणि गुपचूप शिडी उतरून दारात आलो.

टीव्हीवर नुसत्या मुंग्या होत्या. गुरुजी, तात्या, सगळे टीव्हीकडे पाठ करून बसलेले. वहिनी डोळ्याला पदर लावून. आणि नामदेवभाऊ खिडकीत उभे राहून वर तोंड करून सांगत होते.

मला पाहून ते थांबले.

"उतरले कायले, सर? जहाज अजून घरी पोचाचं हाय."

मी पुन्हा शिडी चढलो आणि पाईप धरला.