वासूसाहेबांचं रत्नागिरीतलं पिक्चर

वासूसाहेबांचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. माळ्यावर नारळ पडून राहतात तसे ते माझ्याकडे पडून राहिले. कुणी सिनेमाचा विषय काढला की एक आपोआप गडगडत खाली येतो, आणि एक आला की बाकीचे थांबत नाहीत. आमची ही म्हणते, "तुमचं ते पिक्चर संपलं की नाही अजून?" नाही संपलं. आज पुन्हा सांगतो.

साहेबांचं खरं नाव वासिले. मूळचे रुमानियाचे. हा देश नकाशात कुठे आहे ते मी ड्रॉइंग मास्तर असूनही मला शोधावं लागलं होतं. आठवड्याभरात सगळ्या बंदराने त्यांना वासूसाहेब करून टाकलं. काळ मुक्या चित्रपटांचा, अगदी शेवटाशेवटाचा. मला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं, म्हणून मी त्यांचा दुभाष्या झालो. पडदे रंगवणं, पाट्या लिहिणं आणि लोकांच्या शिव्या सौम्य करून साहेबांना सांगणं, हीही कामं माझीच. ते बोलायचे मोडक्या हिंदीत, त्यात इंग्रजी. मी सगळं मराठीतच सांगतो, नाहीतर मला धाप लागेल.

* * *

पहिल्या दिवसापासून सुरू करतो. तेव्हा मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. तिथून पडावात उतरायचं, आणि पडाव वाळूपर्यंत यायचा नाही म्हणून शेवटचा तुकडा गड्यांच्या खांद्यावरून. मोठमोठे अंमलदारसुद्धा असेच पोत्यासारखे यायचे.

दोन गडी साहेबांना उचलायला पुढे झाले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर कॅमेऱ्याची पेटी ठेवली आणि स्वतः बुटासकट पाण्यात उडी मारली. पाणी छातीपर्यंत! लाट आली की टोपी तेवढी दिसायची.

मी किनाऱ्यावरून ओरडलो, "साहेब, खांद्यावर बसा!"

"कॅमेऱ्याला पोहता येत नाही," ते म्हणाले.

बाहेर आले, पेटी उघडून पाहिली, कोरडी होती. मग मला म्हणाले, "मलाही येत नाही."

* * *

त्यांची जन्मकथा मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली. बाप द्राक्षमळ्यात गडी. मुलगा फोटोग्राफरकडे काच पुसायला राहिला, तिथून कॅमेऱ्याला चिकटला. युरोपातली मोठी लढाई संपल्यावर त्यांनी आपल्या गावावर पहिलं पिक्चर काढलं. कापणी, लग्न, म्हातारी माणसं, सगळं त्यात होतं. आणि ते लोकांना दाखवण्याआधीच तळघरात उंदरांनी खाल्लं!

"फिल्मवर सरसाचा चिकट थर असतो," साहेब म्हणाले. "त्यांना तो आवडतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? ज्यांनी ते संपूर्ण पचवलं असे प्रेक्षक मला पुन्हा मिळाले नाहीत."

मग बोटीवर नोकरी धरून मुंबईला आले आणि एका कंपनीत देवादिकांची पिक्चरं काढू लागले. देवांना दोरीला टांगून उडवायचं, राक्षसांच्या पोटात उशा भरायच्या. पण त्यांच्या डोक्यात एकच होतं, स्वतःचं एक पिक्चर. दर्यावर जाणारा एक तांडेल आणि त्याची वाट पाहणारी बायको, एवढीच गोष्ट. कंपनीच्या मालकाने कंटाळून एकदाचं हो म्हटलं, पण अट घातली: पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत पिक्चर पुरं करून परत यायचं. नाहीतर सगळी रिळं कपाटात, आणि साहेब पुन्हा देवांच्या दोऱ्या ओढायला.

साहेब म्हणाले, "हे पिक्चर उंदीर खाणार नाहीत आणि मालकही खाणार नाही." हे म्हणताना त्यांनी हनुवटी अशी काही पुढे काढली की मला मुंबईच्या मालकाचीच काळजी वाटली.

* * *

हिरॉईन मुंबईहून आली होती. मांडवी बंदरावर सुकत घातलेल्या मासळीचा पहिला वास तिच्या नाकात गेला आणि ती पुढच्याच बोटीने परत गेली.

मग एका नाटक कंपनीतले स्त्रीपार्टी गृहस्थ आले. दिसायला सुरेख, पदर तर असा घ्यायचे की आमच्या घरच्यांनी शिकावं! साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "या हाताने कधी होडी ढकललेली नाही." गृहस्थ रागावले. मी त्याचं भाषांतर "तुमचे हात फार नाजूक आहेत" असं केलं, तेव्हा खूश होऊन गेले.

शेवटी हिरॉईन बाजारात सापडली. साहेब एका खारविणीच्या टोपलीतली सुरमई हातात घेऊन तिच्यावर ऊन कसं पडतं ते बघत होते. बराच वेळ बघत होते. ती खारवीण उसळली, "काय रे मेल्या, मासा घ्यायचा हाय का नुसता कुरवाळायचा हाय?"

साहेबांनी सुरमई खाली ठेवली आणि मला म्हणाले, "मास्तर, हीच!"

तिचं नाव भागी. तिला सिनेमा म्हणजे काय ते समजावता समजावता मला घाम फुटला. सगळं ऐकून ती म्हणाली, "फोटोत उभी ऱ्हाईन. पण परक्या बाप्याची बायको होयाची नाय. माजा घोव असंल तर."

तिचा नवरा धाकू हा खरोखरचा तांडेल! साहेबांनी आनंदाने मलाच मिठी मारली.

* * *

पिक्चरमध्ये धाकू-भागीचं लग्न होतं. विनूभटजींना बोलावलं. ते आले, जोडप्याकडे पाहिलं आणि पोथी पुन्हा गुंडाळली.

"यांचं लग्न मीच लावलंय," भटजी म्हणाले. "लागलेलं लग्न पुन्हा लावायचं? आणि तेही तमाशासाठी? मंत्र मिळायचे नाहीत!"

साहेब म्हणाले, "मंत्र नकोत. नुसते ओठ हलवा."

"हलवीन. पण काय म्हणायचं ते मी ठरवीन."

भटजींनी अंतरपाटाआडून गंभीर चेहऱ्याने अर्ध्याचे पाढे, म्हणजे सगळी निमकी म्हटली. ओळीने, चढ्या आवाजात! करवल्या पदरात तोंड लपवून हसत होत्या, साहेबांना वाटलं लाजताहेत, त्यांनी तेही घेतलं.

रिळं आगबोटीने मुंबईला जाऊन धुऊन आली. दिवेलागणीला बंदरावरच्या वखारीत चादर बांधून आम्ही ती पाहायला बसलो. आमच्यात पेन्शनर शाळामास्तर तात्या होते, ठार बहिरे. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे. पडद्यावर भटजी आले. सगळे नवरा-नवरीकडे बघतायत. तात्या मात्र भटजींकडे डोळे बारीक करून बघत होते. एकदम उठले आणि काठी आपटून ओरडले,

"विनू! तेराची निमकी चुकलास!"

* * *

त्या वेळी कॅमेरा हाताने फिरवायचा असे. हँडल एका लयीत फिरलं पाहिजे. लय राहावी म्हणून साहेब आपल्याकडचं कसलंसं कापणीचं गाणं पुटपुटायचे. मध्येच त्यांना हिवतापाने धरलं. झावळ्यांच्या मांडवाखाली घोंगडी घेऊन पडले, तरी शूटिंग बंद नाही! हँडल गणू सुताराच्या हातात दिलं आणि सांगितलं, "तुला पाठ असलेलं एक गाणं म्हण आणि त्यावर फिरव."

गणू भाविक माणूस. त्याने आरती धरली.

धुऊन आलेलं रीळ पाहिलं तर काय! बाजार सुरुवातीला नीट चालला होता. मग माणसं हळू झाली. मग आणखी हळू. शेवटी भागीने फेकलेला मासा गिऱ्हाइकाच्या टोपलीत पडायलाच तयार नाही! साहेबांना वाटलं, यंत्र बिघडलं. त्यांनी सगळा कॅमेरा खोलून पुसून परत जोडला. काही सापडेना.

मग कुणीतरी गणूला ती आरती म्हणायला सांगितलं. गणूने सुरुवात केली, आणि शेवटच्या कडव्याला आपण सगळे करतो तशी लय चढवली. टाळ्या, झांजा, सगळा थाट! हँडल जितकं भरभर फिरेल तितकी पडद्यावर माणसं सावकाश चालतात, हे त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक?

आम्हांला वाटलं, साहेब आता रागावणार. त्यांनी गणूला विचारलं, "देव एवढी घाई चालवून घेतो?"

गणू म्हणाला, "प्रसाद थांबलेला असतो ना, साहेब."

* * *

यानंतर गाडी अडली ती भागीच्या बांगड्यांवर.

पिक्चरचा शेवट असा होता: तांडेल परत येत नाही, बायको किनाऱ्यावर उभी राहते आणि हातातल्या बांगड्या फोडते. साहेबांनी सगळं पिक्चर या एका क्षणासाठी रचलं होतं. मी भागीला सांगितलं. तिने टोपली उचलली आणि घरी निघून गेली.

साहेब तिच्या दारात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नकली बांगड्या आणल्या, तिने ढकलल्या. धाकूच्या जागी दुसरा माणूस घेऊ म्हणाले, तर ती म्हणाली, "हात माजाच ना?" धाकू स्वतः म्हणाला, "अगो, खोटं खोटं तर हाय!" त्याला त्या दिवशी जेवण मिळालं नाही.

तेवढ्यात मुंबईहून तार आली: बोलपट येतायत, मुक्या पिक्चरला कोण विचारणार, असेल ते घेऊन शेवटच्या बोटीने निघा. साहेबांनी तार वाचली, घडी घातली आणि हलणाऱ्या तिपाईच्या पायाखाली सारली. "शेवट घेतल्याशिवाय मी हलणार नाही," म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि कौतुकही वाटलं. एवढा हट्ट मी आयुष्यात कशाचाच धरलेला नाही.

पुढे त्यांनी मुंबईत बोलपटही काढले. भाषा धड येत नव्हती, म्हणून नटांकडे पाठ करून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून खरं-खोटं ओळखायचे. नंतर कधीतरी आपल्या देशाला गेले, त्यानंतरचं मला ठाऊक नाही. हे आत्ताच सांगून टाकलं, कारण शेवटी सांगायचंय ते वेगळंच आहे.

* * *

बोटी बंद व्हायला आल्या होत्या. साहेब म्हणाले, निदान होडी दूर जाताना तरी घेऊ. धाकूने शीड उभारलं. साहेब किनाऱ्यावरून पंचा हलवत होते, "आणखी दूर! आणखी!" धाकू जात राहिला. शीड नखाएवढं झालं, मग दिसेनासं झालं, आणि तेवढ्यात वारा फिरला.

दर्या काळा पडला. होडी येईना. भागी भाकरी घेऊन आली होती, ती वाळूत तशीच उभी राहिली. तिचा चेहरा मला बघवेना.

गणू साहेबांच्या कानाशी म्हणाला, "साहेब, फिरवा! हेच पाहिजे होतं ना तुम्हांला?"

साहेबांनी कॅमेऱ्याचं हँडल काढलं, खिशात घातलं आणि भागीपासून थोडं दूर वाळूत बसले. हनुवटी छातीला टेकली होती. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

दुपार कलली, तेव्हा मागून, रस्त्याच्या बाजूने आवाज आला. "जेवण हाय काय गो?"

धाकू! वारा फिरलेला बघून त्याने होडी पावस गावाच्या बाजूला नेऊन लावली होती आणि चालत आला होता. भागीने त्याला जे झाडलं ते मी साहेबांना सौम्य करूनसुद्धा सांगू शकलो नाही. झाडून झालं, डोळे पुसले, आणि ती साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"फोटो घेतलाव माजा?"

"नाही," साहेब म्हणाले.

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "मंग आता घ्या. बांगडी फोडायची नाय. पण उभी ऱ्हाते."

ऊन अजून होतं. साहेबांनी खिशातलं हँडल काढून बसवलं. भागी मघाच्याच जागी जाऊन उभी राहिली आणि दर्याकडे बघू लागली. हळूहळू तिचा चेहरा मघाचा झाला. तिने डावा हात उजव्या मनगटावर नेला आणि बांगड्या मुठीत घट्ट झाकून धरल्या, जशा कुणी ओढून न्यायला आलं आहे. साहेबांचं पुटपुटणं थांबलं, पण हँडल त्याच लयीत फिरत होतं.

माझ्या शेजारी धाकू भाकरी खात उभा होता. त्याचा घास तोंडातच राहिला. त्याला ते सहन होईना. तो मोठ्याने ओरडला, "अगो भागे, मी हितं हाय! हितं हाय मी!"

भागीने मान वळवली नाही. दर्यावरची नजर काढली नाही, ओठसुद्धा फारसे हलवले नाहीत.

"गप ऱ्हावा," ती म्हणाली. "तुमी अजून आलाव कुठं?"