आधी जेवण, मग पिक्चर

थिएटरच्या दारातला माणूस तिकीट तपासायचा आणि आमच्या आक्का पोट तपासायच्या. त्यांची तपासणी जास्त कडक होती. अर्धी भाकरी कमी खाल्लेली बाई त्यांना चेहऱ्यावरून ओळखू यायची, आणि तिला परत ताडपत्रीवर बसवून वाढल्याशिवाय त्या जिन्याकडे पाऊल टाकू द्यायच्या नाहीत.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. भवानीनगरच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. थोडा ऊस, थोडे पेरू, बाकी सगळा भाजीपाला. मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले तेव्हा शेतातल्या कामाची मानसिक तयारी करून आले होते. पण महिन्यातून एका रविवारी सासू आपल्याला भाजीच्या पिकअपमध्ये मागे बसवून बारामतीला सिनेमाला नेईल, याची तयारी मला कुणी करायला सांगितली नव्हती. गाडी माझे यजमान विलास चालवायचे. मागे आक्का, मी, शेजारच्या हौसाबाई आणि वस्तीवरच्या आणखी तीन-चार जणी. मेथीचा वास, हिंदकळणारी पाण्याची कळशी आणि मधोमध जेवणाचं गाठोडं.

जायचं ते सकाळच्याच खेळाला, कारण त्याचं तिकीट जरा कमी. म्हणजे खेळ अकराचा आणि जेवण साडेदहाला. थिएटरच्या मागच्या बाजूला एक कडुलिंबाचं झाड होतं. भाजी झाकायची ताडपत्री त्याच्याखाली अंथरली जायची आणि धपाटी, दही, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा असा बेत मांडला जायचा. साडेदहाला कुणाला भूक असते? मी पहिल्यांदा तसं म्हटलं तेव्हा आक्कांनी माझ्या ताटात तिसरं धपाटं टाकलं आणि म्हणाल्या, "खाऊन घे पोरी. आत भूक लागली तर ती लोकं तुझं रान लिहून घेत्यात."

खाण्याच्या बदल्यात शेत लिहून घेण्याचं हे भय त्यांच्या मनात कधी पक्कं झालं, ते विलासनी मला सांगितलं होतं. नवं थिएटर झाल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा मध्यंतरात ते आईसाठी पॉपकॉर्न आणायला उठले. आक्काही मागोमाग गेल्या. काऊंटरच्या वरचे आकडे त्यांनी एकेक करून मोठ्यानं वाचले. "लाह्या, अडीचशे रुपयं." मग काऊंटरवरच्या मुलीला त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "बाय माझे, ह्यात म्हशीचंबी भागतंय का?" कारण तेवढ्यात आमच्या म्हशीचा चार दिवसांचा भरडा येत होता. मुलगी हसली. मागे उभे असलेलेही हसले. आक्का रिकाम्या हातानं जागेवर येऊन बसल्या आणि पुढचा सिनेमाभर "अडीचशे" असं अधूनमधून पुटपुटत राहिल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी चूल पेटवली, म्हशीच्या मक्यातला मूठभर मका कढईत टाकला, वर झाकण ठेवलं आणि सगळ्यांना भोवती बसवलं. दोन दाणे कसेबसे तडकले. बाकीचे काळे ठिक्कर पडले. घरभर धूर झाला. आक्का बराच वेळ कढईकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ह्यो मका अडाणी हाय. त्यो तितला शिकलेला दिसतोय."

एवढं पोटभर जेवूनही त्यांच्या पिशवीत वरकड काहीतरी असायचंच. उकडलेल्या शेंगा, गुळाची वडी, दोन पेरू. त्यांनी ते कधी लपवलं नाही. हौसाबाई शेंगदाणे पदराच्या गाठीत बांधून आत न्यायच्या, तर आक्का त्यांनाच रागवायच्या, "चोरी केल्यावानी काय खातीस?" स्वतःची पिशवी त्या दारावरच्या माणसापुढे उघडून धरायच्या. बहुतेक वेळा तो माणूस एक पेरू घेऊन दुसरीकडे बघायचा.

माझी मुलगी ओवी आठ वर्षांची असताना एकदा दारावर नवीन माणूस होता. त्यानं पिशवीत हात घातला आणि म्हणाला, "मावशी, बाहेरचं खायचं आत चालत नाही."

"शेंगा हायत रं. बंदूक न्हाय."

"नियम आहे मावशी."

"बरं, नियम हाय तर हाय," आक्का म्हणाल्या आणि तिथेच रांगेकडे वळल्या. "घ्या गं बायांनो, घ्या. आपल्याच रानातल्या हायत. आत न्हिऊ देत न्हाईत, मग भाईर तरी खाऊ." रांगेतल्या एकेकाच्या हातावर त्या शेंगा ठेवत चालल्या. कुणी घेतल्या, कुणी हसून हात मागे घेतला. त्या रांगेत ओवीच्या वर्गातली एक मुलगी आईवडिलांबरोबर उभी होती. आक्कांनी तिच्याही हातावर मूठभर शेंगा ठेवल्या. त्या मुलीनं शेंगांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि दोघी हसल्या. ओवी माझ्या ओढणीमागे लपली ती आत अंधार होईपर्यंत बाहेर आली नाही.

परतताना गाडीत ती म्हणाली, "आज्जी, पुढच्या वेळी तू नको येऊस. सगळे हसतात आपल्याला."

आक्का म्हणाल्या, "बरं." तेवढंच. मी ओवीला रागवायला हवं होतं. मी रागावले नाही. खरं सांगायचं तर, जे मला इतकी वर्षं बोलता आलं नव्हतं ते ती बोलून गेली होती आणि मला आतून जरा हलकंच वाटलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या महिन्यात हौसाबाई विचारायला आल्या तर आक्का म्हणाल्या, "गुडघं धरल्यात." त्याच्या पुढच्या महिन्यातही गुडघेच. याच गुडघ्यांनी त्या दिवसभर भेंडी तोडत होत्या. आक्का नाहीत म्हणून बाकीच्या बायकाही जायच्या थांबल्या. रविवारची सकाळ आली की ओवी ओट्यावर बसून रिकाम्या पिकअपकडे बघायची, पण कुणाला काही विचारायची नाही.

तिसऱ्या महिन्यात मीच आक्का, ओवी आणि माझी अशी तीन तिकिटं काढली. "आक्का, या वेळी जेवण नाही, गाठोडं नाही. आपण आतच खाऊ. मी देते पैसे," असं मी सांगितलं. मला वाटत होतं मी भरपाई करतेय. आक्का नवीन लुगडं नेसून आल्या. हात मोकळे होते म्हणून की काय, त्यांना ते कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. मध्यंतरात मी पॉपकॉर्नचा सगळ्यात मोठा डबा आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. एक दाणा तोंडात टाकला. "चांगलं हाय," म्हणाल्या. दुसरा काही टाकेनात.

आमच्याच रांगेत, चार खुर्च्या सोडून एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती. दोघीच होत्या. मुलगी टक लावून आक्कांच्या मांडीवरच्या डब्याकडे बघत होती. आईनं हळूच तिची हनुवटी धरली आणि तोंड पडद्याकडे वळवलं. थोड्या वेळानं मान परत इकडे. आईनं पुन्हा वळवली.

आक्का उठल्या. लोकांच्या पायांतून वाट काढत तिकडे गेल्या आणि अख्खा डबा त्या मुलीच्या मांडीवर ठेवून आल्या. ती बाई "अहो, नको, नको" म्हणत अर्धवट उठली, तर आक्कांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"आज्जी, आपला होता तो!" ओवी म्हणाली.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "बघ, पिक्चर लागला."

घरी जाताना त्या मागे न बसता पुढे आमच्याशेजारी बसल्या होत्या. ओवी त्यांच्या मांडीवर. कालव्याचा रस्ता लागला तेव्हा त्या आपणहून बोलायला लागल्या.

"आमी दोघी भनी. बा लवकर गेला, आई दुसऱ्याच्या रानात शेंगा तोडाय जायाची. एकदा तिनं आमाला इंदापूरला टाकीजात न्हेलं. तिकिटापुरतंच पैसं व्हतं तिच्याकडं. मदी सुट्टी झाली, दिवं लागलं. म्होरल्या बाकावरची पोरं भजी खात व्हती. आमी बघाय लागलो, तर आई म्हणली, तिकडं बघू नगा, पडद्याकडं बघा. आता दिवं लागल्यावर पडद्यावर काय आसतंय? निस्तं पांढरं कापाड. आमी तिघी त्या कापडाकडं बघत बसलो. दिवं जाईस्तोवर."

विलासनी गाडीचा वेग कमी केला. त्यांनीही हे कधी ऐकलं नव्हतं.

"म्हून म्हणते," आक्का म्हणाल्या, "माझ्यासंगं आल्यालं माणूस दुसऱ्याच्या हाताकडं बघाय नगं. लोकं हसत्यात तर हसू द्यात."

पुढच्या महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी मी उठून बाहेर आले तर ओवी आंघोळ करून तयार होती आणि तिच्यानं उचलवेल तेवढी कळशी भरून घेऊन, अंगावर पाणी सांडत, पिकअपकडे निघाली होती. आक्का चुलीपुढे धपाटी थापत होत्या. गुडघ्यांचं पुन्हा कधी नाव निघालं नाही.

त्यानंतर किती सिनेमे पाहिले ते मला सांगता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी, पेरूचा हंगाम चालू असताना, आक्का गेल्या. चार दिवस ताप आला, बारामतीच्या दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी सगळं संपलं. शेवटपर्यंत शुद्धीत होत्या. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला जेवून आलात का, असं विचारत होत्या आणि उत्तरावर विश्वास ठेवत नव्हत्या. मग विलासना खूण करायच्या आणि ते त्या माणसाला खालच्या खानावळीत घेऊन जायचे. ताडपत्री आता भाजीपुरतीच वापरली जाते. बायका सिनेमाला जातात, पण आपापल्या लेका-सुनांबरोबर.

ओवी आता पुण्यात वसतिगृहात राहून अकरावी करते. परवा तिचा फोन आला. मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली होती. मी कसा होता म्हणून विचारलं.

"सुरुवात चुकली आमची," ती म्हणाली. "जवळजवळ वीस मिनिटं."

"का? बस चुकली?"

"नाही गं. आमच्यात एक नवीन मुलगी आहे, सांगोल्याकडची. सगळ्याजणी आत काय काय घ्यायचं ते ठरवत होत्या, तर ती म्हणाली, मला भूक नाही, तुम्ही घ्या. दोनदा म्हणाली. मग मी सगळ्यांना म्हटलं, मलाच आत्ता कडकडून भूक लागलीय, आधी समोर मिसळ खाऊ. सगळ्यांना ओढतच नेलं. चिडल्या माझ्यावर." मग ती म्हणाली, "आई, तिनं चार पाव खाल्ले."

सिनेमाचं नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.